काळजी करणे आणि काळजी घेणे

तुम्ही एखाद्याला ‘मला तुझी काळजी वाटते’ असे म्हणता, तेव्हा त्याच्यासाठी नेमके काय करत असता? हा प्रश्न मला भाषांतर करताना पडला. मी म्हैसूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी दोन तास भाषांतराची सेवा करते. एका हिंदी प्रवचनात ‘चिंता’ आणि ‘देखभाल’ हे दोन शब्द एकाच वाक्यात आले होते आणि पहिली सोडून दुसरी करा, असे त्यात सांगितले होते. मी दोन्ही ठिकाणी ‘काळजी’ लिहिले. वाचून पाहिले तर वाक्य म्हणत होते, काळजी सोडा आणि काळजी करा! आपल्या भाषेत काळजी करायचीही असते आणि घ्यायचीही असते. फरक सगळा क्रियापदात. इथे कन्नडमध्येही ‘काळजी’ हा शब्द आहे, पण आजाऱ्याच्या सेवेसाठी ‘आरैके’ असा वेगळा शब्दही आहे.

वहीत हा फरक मला या महिन्यात सापडला. प्रत्यक्षात तो गेल्या जूनमध्ये, आत्याच्या परसात, माझ्यासमोर येऊन गेला होता. तेव्हा मी तो ओळखला नाही आणि तीन कोंबड्या गेल्या.

या पानावर कोंबड्यांविषयी वाचायला मिळेल, अशी तुमची अपेक्षा नसेल. अनेक वाचक अंडीसुद्धा खात नसतील. मीही खात नाही. आत्याच्या घरी खातात. खावीत की नाहीत हा प्रश्न मोठा आहे आणि तो मी आज बाजूला ठेवते. एक जीव दारात आला आहे, त्याच्याशी आता कसे वागायचे, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे.

आम्ही मूळचे निपाणीचे. आत्या लग्न होऊन म्हैसूरला आली त्याला तीस वर्षे झाली. बोगादीच्या पुढे तिचे घर आहे, मागे परस, दोन नारळ, एक कढीपत्ता आणि विटांचे खुराडे. त्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. मी शिकायला आले ती तिच्याकडेच राहते. जूनमध्ये आत्याने नंजनगूडच्या बाजूने एक गिरिराजा तलंग विकत आणली. गिरिराजा ही बेंगळुरूत विकसित झालेली, परसात पाळायची जात; तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. घरी येताच आत्याने तिला परसाच्या दुसऱ्या टोकाच्या जुन्या न्हाणीघरात ठेवले. तिचे पाण्याचे भांडे वेगळे, दाणे वेगळे, तिच्याकडे जायची चप्पल वेगळी. आधी खुराड्यातल्या जुन्यांचे सगळे करायचे, मग शेवटी हिच्याकडे जायचे, आणि परत आल्यावर हातपाय धुवायचे. “तीस दिवस,” आत्या म्हणाली. “एकोणतीस नाही.”

दहाव्या दिवशी आत्याला लग्नासाठी निपाणीला जावे लागले. आठ दिवस सगळे माझ्याकडे आले.

कोंबडी हा कळपाचा जीव आहे. एकटी पडली की ती हाका मारते, कुणी उत्तर देते का ऐकते, पुन्हा हाका मारते. ही पहाटे पाचपासून सुरू करायची. माझी सत्र परीक्षा चालू होती. खिडकीतून ते ओरडणे ऐकू यायचे आणि मला वाटायचे, हा काय अन्याय आहे? हिने काय केले आहे? तुरा लाल आहे, डोळे स्वच्छ आहेत, दाणे टिपते आहे. आजारी नाही, गुन्हेगार नाही, आणि आपण तिला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवले आहे. रोज संध्याकाळी मी करुणेवरचे उतारे भाषांतरित करत होते, हेही सांगायला हवे. बाराव्या दिवशी रात्री मी तिला उचलले आणि खुराड्यात दांडीवर इतरांच्या शेजारी नेऊन बसवले. अंधारात कोंबड्या भांडत नाहीत, हे मला माहीत होते. सकाळी थोडी टोचाटोची झाली, मग सगळे शांत. मी इतकी समाधानी होते की त्या दिवशीचा पेपर चांगला गेला.

सहाव्या दिवशी काळी कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी हिरवट पातळ विष्ठा, पंख सैल. मग तांबडी. मग ढवळी, जिची मान हळूहळू पिळल्यासारखी मागे वळू लागली. गावाकडे याला मानमोडी म्हणतात. पुस्तकातले नाव राणीखेत. १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेतजवळ हा आजार आढळला म्हणून आपल्याकडे ते नाव पडले. विषाणूचा आजार आहे, त्यावर औषध नाही; लस आहे, ती आजार येण्याआधी द्यायची असते. आत्याच्या जुन्या कोंबड्यांना त्या वर्षीची लस द्यायची राहून गेली होती.

नवी तलंग मात्र ठणठणीत होती. ती आजही आहे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की लस घेतलेली कोंबडी स्वतः आजारी न दिसता विषाणू बाहेर टाकत राहू शकते. आणि लगेच हेही सांगितले की तिच्यामुळेच आला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. चपलेवरून, दुसऱ्या पाखरांवरून, बाजारातल्या पिंजऱ्यावरूनही तो येतो. मी या दुसऱ्या वाक्याला घट्ट धरून ठेवले. आत्याला फोनवर तेच आधी सांगितले. तुम्हीही कधी असे केले असेल: आपल्याला सोडवणारे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आले की ते आपल्याला शब्दशः पाठ होते.

आत्या परत आली, परसात गेली, पाहून आली. रागावली नाही. संध्याकाळी चहा घेताना तिने एवढेच विचारले, “तुला तिची दया आली होती, की तिचं ओरडणं तुला सहन होत नव्हतं?”

मी आजवर वाचलेल्या कोणत्याही प्रवचनापेक्षा हा प्रश्न मला जड गेला. कारण खरे उत्तर मला लगेच कळले होते. मी तलंगेला हलवले त्या क्षणी ओरडणे थांबले आणि माझे दुःख संपले. तिचे संपले की नाही, हे मी तपासलेही नव्हते. सकाळी तिला टोचत होत्या तेव्हा मी पुस्तक घेऊन बसले होते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मी खर्च कमी केला नाही, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकला. आणि ज्यांच्या खात्यावर टाकला त्या पाच जणींना कुणी विचारले नव्हते.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. तिचा एकटेपणा खरा होता. तो कमी करायला उपायही होता. दोन तलंगा एकदम आणल्या असत्या तर त्या एकमेकींना सोबत झाल्या असत्या, हे आत्या आता म्हणते. पण तेव्हाही, मी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास न्हाणीघराच्या दारात बसले असते, बोलत राहिले असते, तरी ती शांत होत होती. पहिल्या दिवसांत आत्या तेच करायची. माझ्याकडे तो अर्धा तास नव्हता. खुराड्यात नेऊन ठेवायला दोन मिनिटे लागली. म्हणजे मी जिला करुणा म्हणत होते, तो माझ्यासाठी स्वस्तातला मार्ग होता.

एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले कावडीतले पाणी त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. या गोष्टीतून मी नेहमी एकच शिकवण घेत आले, की नियम बाजूला ठेवा आणि हृदय सांगेल ते करा. आता ती वाचताना वेगळे काही दिसते. गाढवाला तहान लागली होती, हे उघड होते. त्याला पाणी हवे होते आणि नाथांच्या हातात पाणीच होते. आणि त्या पाण्याची किंमत नाथांनी स्वतः मोजली. इतक्या लांबून खांद्यावर आणलेली कावड त्यांची होती. मी जे दिले, ते माझे नव्हतेच.

शिवाय कोंबडी तहानलेल्या गाढवासारखी आपले दुखणे दाखवत नाही. ती लपवते. कळपात जी ढिली दिसेल तिला शिकारी आधी उचलतो आणि सोबतिणीही तिलाच आधी टोचतात, म्हणून अंगात बळ आहे तोवर ती सगळ्यांसारखी चालते, दाणे टिपल्याचे सोंगही करते. आपल्याला कळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यामुळे कोंबडीवर प्रेम असणे पुरत नाही, तिच्याकडे रोज पाहावे लागते. सकाळी दार उघडल्यावर शेवटी कोण बाहेर येते. तुऱ्याचा रंग फिकट किंवा काळपट झाला आहे का. विष्ठा कशी आहे. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती फुगलेली लागली तर काहीतरी बिघडले आहे. हातात घेतल्यावर छातीचे हाड धारेसारखे लागते का. अंग गरम लागले म्हणून ताप आहे असे समजू नये, कारण निरोगी कोंबडीचेही तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. हे सगळे आत्या पाच मिनिटांत पाहते. मी तिच्याकडे राहून दोन वर्षे ‘किती गोड आहेत’ म्हणत होते आणि यातले काहीच पाहत नव्हते.

आजारपणाचे ते दिवस मात्र मी पूर्ण केले. तिघींना न्हाणीघरात हलवले. आधी खुराड्यातल्या निरोगी जिवांचे पाणी-दाणे, मग शेवटी या तिघी. चप्पल बदलायची, हात साबणाने धुवायचे, भांडी वेगळी घासायची. उबेसाठी एक दिवा लावून ठेवला, असा की नको वाटल्यास त्यांना बाजूला सरकता यावे. पाणी चोचीच्या कडेला थेंबथेंब सोडायचे, घशात ओतायचे नाही, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि चांगल्या हेतूने पाजलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. एका ओळखीच्या माणसाने सुचवले की उरलेल्या अजून चालत्याफिरत्या आहेत तोवर विकून टाका, निदान पैसे तरी येतील. आत्याने त्याला दारातूनच परत पाठवले. विकलेली कोंबडी आपला आजार दुसऱ्याच्या अंगणात घेऊन जाते, एवढेच ती म्हणाली. मेलेल्यांना आम्ही परसात खोल खड्डा करून चुना टाकून पुरले.

ढवळी पाच रात्री जगली. तिसऱ्या दिवसापासून तिला दाणा नीट टिपता येत नव्हता. चोच जमिनीवर मारायची आणि मान भलतीकडेच जायची. डॉक्टर म्हणाले होते, तिचे हाल संपवायचे असतील तर तेही करता येते. मी नाही म्हटले. अहिंसा वगैरे शब्द तेव्हा माझ्या मनात होते. रात्री दोनला उठून मी तिला पाणी पाजत होते. पण त्या पाचपैकी शेवटच्या दोन रात्री तिच्यासाठी होत्या की मला स्वतःला माफ करता यावे म्हणून होत्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुमच्यापैकी कुणाचा निर्णय वेगळा झाला असता, तर त्याला मी आता निर्दय म्हणणार नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता सहा जिवांचा होता. आमच्या गल्लीतल्या एका अज्जींपुढे तो याहून कठोर होऊन आला होता. मार्च २०२० मध्ये म्हैसूरच्या कुंबारकोप्पल भागात बर्ड फ्लू आढळला. भोवतालच्या एक किलोमीटरच्या परिघातल्या पाळीव कोंबड्या मारायच्या, असे ठरले. आजारी असोत वा नसोत. आपल्या महाराष्ट्राने हे त्याआधी २००६ मध्ये पाहिले आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. अज्जी तेव्हा मुलाकडे कुंबारकोप्पलला राहत. त्यांनी बाकीच्या दिल्या, पण अंड्यांवर बसलेली एक खुडूक कोंबडी स्वयंपाकघरात डालग्याखाली लपवली. रात्री शेजारची छोटी मुलगी नेहमीप्रमाणे खेळायला आली आणि त्या डालग्यावरच जाऊन बसली. अज्जींनी सकाळी स्वतः जाऊन पथकाला बोलावले.

“बरोबर केलंत ना, अज्जी?” मी विचारले होते.

“बरोबर काय मगळे,” त्या म्हणाल्या, “तिच्याखाली नऊ अंडी होती.”

यापुढे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली आणि आपण सगळेच एकमेकांपासून दूर, एकेका खोलीत बसलो. दाराबाहेर ताट ठेवून मागे सरकणारी आई तुम्हाला आठवत असेल. तिला कुणी निष्ठुर म्हटले नाही.

पण दूर ठेवणे नेहमीच निर्दोष असते, असेही मला म्हणायचे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात आजाऱ्यांना घराबाहेर काढून छावण्यांत नेले गेले, तेव्हा लोकांना त्यात अपमान आणि दहशतच दिसली. त्याच साली सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीही आजाऱ्यांना वस्तीपासून दूरच ठेवले, हडपसरजवळच्या माळावरच्या आपल्या दवाखान्यात. अंतर दोन्हीकडे होते. फरक हा की सावित्रीबाई त्या अंतराच्या पलीकडे आजाऱ्यांजवळ होत्या, त्यांना स्वतः आणत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने गेल्या. कोंबड्यांच्या लेखात त्यांचे नाव घेताना मला संकोच वाटतो. तरीही घेते, कारण न्हाणीघराच्या दारात रोज अर्धा तास बसणारी आत्या आणि दार लावून पुस्तक उघडणारी मी, यांतला फरक मला त्यांच्यामुळे नीट कळला. दोघींनी तलंगेला सारख्याच अंतरावर ठेवले होते.

एक गोष्ट नंतर आम्ही केली. लस आधीच का दिली नव्हती, याचे साधे कारण होते. लशीची कुपी शंभर मात्रांची येते आणि एकदा पाण्यात कालवली की साधारण दोन तासांत वापरून संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी शंभर मात्रा कोण आणणार? म्हणून आम्ही गल्लीत विचारत फिरलो. सहा घरांत मिळून ५३ कोंबड्या निघाल्या. डॉक्टरांना विचारून एक सकाळ ठरवली, कुपी बर्फाच्या डब्यातून आणली. आता एकच माणूस प्रत्येक खुराड्यात शिरला तर लशीबरोबर आजारही घरोघर जाईल, म्हणून प्रत्येक घरातल्या एकाने आमच्या ओट्यावर येऊन शिकून घेतले आणि आपल्या कोंबड्यांच्या डोळ्यांत आपणच एकेक थेंब घातला. पाऊण तासात काम झाले. ४७ मात्रा वाया गेल्या, पण आमच्या खर्च-लेखाच्या तासाला शिकवतात तसा दर कोंबडीमागे खर्च काढला तर तो चहापेक्षा कमी निघाला. यात मला करुणा वगैरे काही जाणवले नाही. मला घाम येत होता आणि घड्याळाकडे लक्ष होते.

या महिन्यात आत्याने पुन्हा एक तलंग आणली आहे. ही आधीचीपेक्षा मोठ्याने ओरडते. आज तिचा एकोणिसावा दिवस. तीस पुरे झाल्यावरही लगेच आत सोडायचे नाही. आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना नुसते पाहू द्यायचे, म्हणजे टोचाटोची कमी होते. मी भाषांतराची वही घेऊन न्हाणीघराच्या पायरीवर बसते आणि वाक्ये मोठ्याने वाचून पाहते. कधी ती गप्प होऊन ऐकते, कधी ओरडतच राहते. अजून अकरा दिवस आहेत.